राजसदनातलं आत्याचं घर

राजूरच्या गणपतीच्या चढावर मध्येच थांबून, पदराने कपाळावरचा घाम टिपत, आत्या हवेत बोट फिरवायची आणि रिकाम्या माळावर एक नगर उभं राहायचं... ओल्या दूर्वांचा, फुटलेल्या नारळांचा, खरपूस फुटाण्यांचा वास त्या नगरालाच येतो आहे, असं मला वाटे.

राजूर म्हणजे पूर्वीचं राजसदन, वरेण्य राजाची राजधानी, एवढं सगळेच सांगत. पण ते दिसायचं कसं, हे फक्त आत्याला ठाऊक होतं. "ही राजाची कचेरी. हितं अर्जी दिली की जल्दी काम व्हायचं. त्या अंगाला पीलखाना, हत्ती बांधायचे."

वडील हसू दाबत म्हणायचे, "आक्का, पुराणात कचेरी कुठून आली?"

"मंग राजा काय झाडाखाली बसून न्याय करीत व्हता? बिलकुल न्हाई!"

आत्याच्या पुराणात निजामाची राजवट अशी बिनदिक्कत नांदत होती, आणि मला ती शास्त्रापेक्षा खरी वाटायची.

आत्या आमच्याकडेच राहायची. वाटूरला दिलेली, नवऱ्याने दुसरं लग्न केलं, तशी एक पत्र्याची पेटी घेऊन माहेरी आली. आमच्या घरात तिला काही कमी नव्हतं — आई तिला विचारल्याशिवाय भाजीसुद्धा टाकत नसे — पण तिला स्वतःचा उंबरा हवा होता. सणाला दारात रांगोळी काढून झाली की हात झटकत म्हणायची, "भावाचं दार लई गोड, पर ते भावाचंच."

एका चतुर्थीला ती नगरातली घरं दाखवत होती : माळ्याचं, कासाराचं, गुरवाचं, अगदी आमचंसुद्धा. मी विचारलं, "आत्या, तुझं कुठंय?"

तिचं बोट हवेतच राहिलं. "शहर मोठं व्हतं बाई... असंल कुठंतरी."

सगळ्या रयतेला घरं वाटून ही बाई स्वतः उघड्यावर! मला रडूच फुटलं. मी धावत जाऊन एका कडुनिंबाखाली उभी राहिले आणि ओरडले, "हे तुझं! राणीच्या महालाला लागून!"

"राणीच्या शेजारी? रोज भांडणं व्हतील की!" ती हसली, पण तिचे डोळे भरले होते. मग दर चतुर्थीला ती त्या कडुनिंबाखाली चपला काढून बसायची, पडलेला पाला हाताने बाजूला सारायची, आणि तांब्या पुढे करून म्हणायची, "पाणी पी. माझ्या घरी आली, तशीच जाऊ नको."

आत्या गेली ती भावाच्याच दारातून. त्याची खंत मला अजून आहे.

परवा लेकीला घेऊन राजूरला गेले. चढावर आता सिमेंटचा रस्ता, दोन्ही बाजूंना पेढ्यांची, हारांची दुकानं... कडुनिंब कुठेच नव्हता. एका दुकानापुढे मी घुटमळले, तसं दुकानदाराने विचारलं, "काय शोधून राह्यले, ताई?"

"इथं माझ्या आत्याचं घर होतं," मी म्हणाले. म्हणताना जराही अडखळले नाही.

त्याने स्टूल बाजूला सरकवून मला जागा करून दिली. "असंल की, ताई," तो म्हणाला, "आमी नंतर आलो."