चुकीच्या माणसाविरुद्ध माझी तक्रार

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका कंपनीत मी परचेस डिपार्टमेंटला होते. कुठलाही नवा सप्लायर आला की त्याची फाईल बनवायची, हे माझं काम. ट्रेड लायसन्सची झेरॉक्स, बँकेचं पत्र, आधीच्या तीन गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर. सगळं जागच्या जागी असलं तर मी फाईलवर हिरवा शिक्का मारायची, आणि मगच त्या माणसाला ऑर्डर मिळायची. एका खिळे-बोल्टवाल्याला तर शिक्का पुसट आहे म्हणून मी तीनदा परत पाठवलं होतं. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला ‘इन्स्पेक्टर मॅडम’ म्हणतात, हे कळलं तेव्हा मला राग यायला हवा होता. मी घरी जाऊन नवऱ्याला ते कौतुकानं सांगितलं.

आम्ही शारजाच्या सीमेला लागून, दुबईतल्या अल कुसैसला राहायचो. हॉल, बेडरूम आणि एक सोफा. तो आम्ही कायमचं भारतात परतणाऱ्या एका कुटुंबाकडून घेतला होता. लाकूड दणकट, पण कापड फाटलेलं. टीव्हीसमोरच्या बाजूला आमची लेक अभ्यास करता करता बोटानं आतला फोम उपटायची. होमवर्क जितकं अवघड, तितकं भोक मोठं. शेवटी ठरवलं, कापड बदलून घ्यायचं.

नवरा म्हणाला, “आमच्या साईटवरच्या एकानं नुकतंच करून घेतलंय. त्याच्याच माणसाला सांगतो.”

“त्यानं लायसन्स बघितलं होतं का?”

“अगं, सोफा शिवायचाय. पूल बांधायचा नाही.”

नवरा पूलच बांधायचा, त्यामुळे त्याचं म्हणणं मी मनावर घेतलं नाही. दाराखालून एक छापील पत्रक आलं होतं, त्यावरच्या नंबरवर मी फोन केला.

दुसऱ्याच दिवशी माणूस हजर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कापडाच्या नमुन्यांचं जाडजूड बुक. आल्या आल्या त्यानं आपलं कार्ड पुढे केलं. इंग्रजी उत्तम आणि एका वाक्यात तीन वेळा ‘मॅडम’. मी त्याच्याकडे लायसन्सची कॉपी आणि तीन रेफरन्स मागितले. माझी कल्पना, आता हा कपाळाला आठ्या घालणार. तो उलट खूश झाला.

“मॅडम, तुमच्यासारखे कस्टमर सगळे असते ना मॅडम, तर ही लाईनच सुधारली असती.”

हे वाक्य मी पुढे आठवडाभर मनात घोळवत होते.

संध्याकाळी कागद आले. लायसन्सची झेरॉक्स स्वच्छ, शिक्का ठळक, मुदत संपायला अजून सात महिने. तीन गिऱ्हाइकांची यादी चक्क टाईप केलेली. मी तिघांनाही फोन केले. पहिल्या गृहस्थांनी तोंड भरून स्तुती केली. त्यांना सर्दी झालेली होती. दुसऱ्यांनीही केली, त्यांनाही सर्दी होती. मला वाटलं, एसीमुळे सगळ्यांचं हेच होतं. तिसऱ्या बाईंनी तर मी कंपनीचं नाव घेण्याआधीच “व्हेरी गुड, व्हेरी गुड” म्हणून टाकलं. मी डायरीत लिहिलं, ‘रेफरन्स समाधानकारक.’ शिक्का घरी नव्हता, नाहीतर तोही मारला असता.

अर्धे पैसे आगाऊ दिले. दोन माणसं पिकअप घेऊन आली आणि सोफा घेऊन गेली. दहा दिवसांचं काम होतं.

दहा दिवसांनी फोन केला, तर “टुमॉरो मॅडम, इन्शाल्ला.” त्यानंतर तीन आठवडे रोज टुमॉरो. मग फोन वाजायचा, उचलायचं कोणी नाही. मग वाजायचाही बंद झाला. त्या काळी तिकडे पत्ता म्हणजे पोस्टाच्या पेटीचा नंबर. दुकानाचा रस्ता, गल्ली मी विचारलीच नव्हती. ऑफिसच्या फॉर्मवर तो रकाना नव्हता.

आम्ही जमिनीवर बसायला लागलो. संक्रांतीचं हळदीकुंकू ठरलेलं होतं, ते सतरंजीवर झालं. बायका म्हणाल्या, “किती छान, अगदी घरच्यासारखं वाटतंय.” गुडघे दुखणाऱ्या एक काकू होत्या, त्यांना कॉम्प्युटरची चाकांची खुर्ची दिली. हळदीकुंकू लावताना मी जरा जोर दिला आणि त्या मागे घरंगळत बाल्कनीच्या दारापर्यंत गेल्या. लेक वैतागून म्हणाली, “आई, एव्हरीवन थिंक्स वुई आर शिफ्टिंग.”

नवरा मात्र एका शब्दानं बोलला नाही. त्यापेक्षा बोलला असता तर बरं झालं असतं.

मग मी तक्रार करायचं ठरवलं. दुसऱ्या कोणी नसती केली. पण माझ्याकडे फाईल होती. लायसन्स शारजाचं होतं, आणि तिथल्या सरकारी कचेरीत गिऱ्हाइकांच्या तक्रारी घेतात असं ऑफिसातल्या, सरकारी कामं बघणाऱ्या पीआरओनं सांगितलं. अर्ज अरबीत लागतो, म्हणून समोरच्या टायपिंग सेंटरमध्ये गेले. तिथल्या मल्याळी टायपिस्टला मी दोन पानं इंग्रजी मजकूर दिला. तारखा, फोनची नोंद, विश्वासघात, मानसिक त्रास, सगळं त्यात होतं. त्यानं ते वाचलं आणि चार ओळी टाईप केल्या.

“एवढंच?” मी विचारलं.

“सोफा लेके गया, सोफा नहीं दिया. और क्या है मॅडम?”

लायसन्सची झेरॉक्स जोडली आणि अर्ज दिला. आठवड्याभरात बोलावणं आलं. समोरच्या पार्टीलाही बोलावलंय, असं कळलं. मी हाफ डे घेतला, चांगली साडी नेसले आणि फाईल काखेत मारून गेले.

खोलीत टेबलापलीकडे कंदोरा, म्हणजे तिकडचा पांढरा पायघोळ झगा घातलेला एक तरुण अधिकारी होता. भिंतीलगतच्या खुर्चीवर साठीच्या पुढचा एक म्हातारा बसला होता. दाढी पांढरी, सलवार-कमीज, बोटांच्या टोकांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेले. इस्त्रीच्या शर्टवाला कुठेच नव्हता. मी मनात म्हटलं, स्वतः यायची हिंमत नाही, म्हाताऱ्याला पुढे केलंय.

अधिकाऱ्यानं मला विचारलं, “मॅडम, ये नफर आपका सोफा लेके गया?”

“ये नहीं, इसका आदमी.”

म्हातारा उठून उभा राहिला. तो मुलतानकडचा होता. मला ‘बाजी’ म्हणाला, म्हणजे आपल्याकडची ताई.

“बाजी, मैंने आपका सोफा देखा ही नहीं.”

“सगळे असंच म्हणतात,” हे मी हिंदीत सुनावलं. मग फाईल उघडली आणि त्याच्या डोळ्यांसमोर झेरॉक्स धरली. “ये लायसन्स आपका है या नहीं?”

“मेरा है.”

“फिर?”

विजयानं मी अधिकाऱ्याकडे पाहिलं. तो शांतपणे माझी फाईल चाळत होता. पत्रकाला टाचलेलं त्या माणसाचं कार्ड त्यानं काढलं आणि झेरॉक्सच्या शेजारी ठेवलं. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग दोन्ही माझ्याकडे सरकवली.

“मॅडम, आप पढ़ो.”

मी वाचलं. दोन्ही नावांतला पहिला शब्द एकच होता. दुसरा वेगळा होता. तिसरा तर एकाला होता, दुसऱ्याला नव्हताच. दोन महिने ती झेरॉक्स माझ्याकडे होती. मी मुदत तपासली होती, शिक्का तपासला होता, कागदाला भोकं सरळ पडलीत का तेसुद्धा बघितलं होतं. नाव तेवढं वाचलं नव्हतं.

म्हाताऱ्यानं कार्ड हातात घेतलं, लांब धरून पाहिलं आणि म्हणाला, “ये तो वही है.” तो इस्त्रीच्या शर्टवाला त्याच्याकडे चार महिने ऑर्डरी आणायला होता. जाताना कागदपत्रांच्या कॉपी घेऊन गेला. दुकान त्याचं कधी नव्हतंच.

“और जो तीन लोगों को फोन किया, वो?” अधिकाऱ्यानं विचारलं. माझी डायरीही त्याच्या हाताला लागली होती. दोन नोंदींपुढे मी स्वतःच्या अक्षरात ‘सर्दी’ असं लिहिलं होतं. मराठी त्याला वाचता येत नव्हतं, हे माझं नशीब. मी म्हटलं, “सबने अच्छा बोला.”

म्हाताऱ्याचा अख्खा दिवस गेला होता. दुकान बंद करून आलो, असं तो मला नाही, त्या अधिकाऱ्याला सांगत होता. मला माफी मागायची होती. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, “तो मेरा सोफा किधर है?”

आजही हे आठवलं की मला बसल्या जागी ओशाळायला होतं.

म्हातारा म्हणाला, तो माणूस काम बाहेर शिवायला देतो, ती दोन-तीन ठिकाणं मला ठाऊक आहेत; शुक्रवारी तुमच्या घरच्या साहेबांना घेऊन या. हे तो माझ्यावर दया म्हणून करत नव्हता. त्याच्या लायसन्सच्या आणखी किती झेरॉक्स गावभर फिरताहेत, ते त्याला बघायचं होतं.

शुक्रवारी नमाजानंतर आम्ही तिघं त्याच्या पिकअपमध्ये दाटीवाटीनं बसून निघालो. पहिली शेड बंद होती. दुसरीत आमचा माणूस कोणाला माहीतच नव्हता. तिसरी शेड एका गॅरेजला लागून होती. तिच्या बाहेर, वाळूत, पत्र्याच्या सावलीला आमचा सोफा होता. कापड अर्धं सोललेलं, आणि त्यावर ग्रीसनं माखलेले डगले घातलेली तीन माणसं ओळीनं बसून चहा पीत होती.

मी नवऱ्याचा हात धरला. “अहो, हा आपलाच. तो बघा, तिनं पाडलेलं भोक.”

मराठी ऐकून मधला माणूस ताडकन उठला. “वहिनी, तुमचा होय हा? बसा की!”

आणि मी माझ्याच सोफ्यावर पाहुण्यासारखी बसले. त्यानं मला चहाही दिला. तो खेडकडचा, गॅरेजमध्ये वेल्डर होता. त्यानं सगळं सांगितलं. शर्टवाल्यानं सोफा शेडमध्ये टाकला, पण ना कापड आणलं ना पैसे, म्हणून शेडवाल्यानं तो बाहेर काढून ठेवला. शर्टवाला पुन्हा फिरकला नाही.

“आम्ही म्हटलं, कुणी सोडून दिला असंल. लई चांगला सोफा आहे वहिनी. दुपारचा आळीपाळीनं एकेक जण आडवा होतो.” मग म्हणाला, “नेणार ना?”

त्यांना तो आमच्यापेक्षा जास्त उपयोगी पडत होता, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण मला घरातली ती रिकामी भिंत आणि नवऱ्याचा न बोलणारा चेहरा आठवला. “हो,” म्हटलं. त्या तिघांनीच तो उचलून पिकअपमध्ये चढवला.

म्हातारा म्हणाला, “काम मैं कर दूँगा. लेकिन मेरी शर्त है.” त्याची अट माझ्यासाठी नव्हती, नवऱ्यासाठी होती. तारखेबद्दल, शिलाईबद्दल, रंगाबद्दल बाजी कुठेही तक्रार करणार नाहीत, असं साहेबांनी लिहून द्यायचं. नवऱ्यानं गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून आनंदानं लिहून दिलं. तेवढ्यावर भागलं नाही. शनिवारी म्हाताऱ्यानं नवऱ्याच्या ऑफिसात फोन करून विचारलं, की अमुक नावाचा इंजिनिअर खरंच तुमच्याकडे आहे ना, आणि माणूस बरा आहे ना. फोन घेणाऱ्या रिसेप्शनिस्टनं नवऱ्याला विचारलं, “सर, कर्ज काढताय का?”

सोफा पाच दिवसांत आला. मी फिका करडा रंग सांगितला होता. आला गडद किरमिजी, त्यावर सोनेरी पानं. करडा संपला होता म्हणे. मी तोंड उघडलं, नवऱ्याकडे बघितलं आणि “बहोत अच्छा” म्हणाले. शिलाई मात्र अशी होती, की लेकीच्या बोटाला शिरायला जागाच सापडेना.

मी पुन्हा कचेरीत गेले. खऱ्या माणसाविरुद्ध नवी तक्रार दिली, पण माझ्याजवळ एक कार्ड आणि एक बंद फोन नंबर, एवढंच होतं. त्या नावाची कंपनी कुठल्याच नोंदीत नव्हती. आगाऊ दिलेले पैसे गेले ते गेलेच. जुनी तक्रार मागे घ्यायचा अर्ज मी त्याच टायपिस्टकडून करून घेतला. त्यात दिलगिरीचं एक वाक्य घालायला सांगितलं, ते त्यानं घातलं की नाही, मला कसं कळणार?

अधिकाऱ्यानं अर्ज वाचला, सही केली. “शिकायत खलास.” मग म्हणाला, “मॅडम, सॉरी इधर नहीं लिखने का. सॉरी उसको बोलो.”

म्हणजे टायपिस्टनं घातलं होतं.

मी तशीच टॅक्सी करून म्हाताऱ्याच्या दुकानात गेले. वाटेत एका दुकानातून मिठाईचा डबा घेतला. दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. फोमचे ढीग, कापडाचे तागे, आणि मध्ये कुणाचातरी मोठा कोपऱ्याचा सोफा. त्याचा मदतनीस सुट्टीवर होता, आणि तो एकटाच टेप घेऊन वाकून त्याची लांबी मोजायच्या खटपटीत होता. मी दारात उभी राहून पाठ केलेलं बोलायला लागले, “चाचाजी, उस दिन मैंने आपको जो कहा...”

“ठीक है बाजी,” वर न बघता तो म्हणाला. “डिब्बा उधर रख दीजिए. और ये सिरा ज़रा पकड़िए.”

मी डबा ठेवला आणि टेपचं टोक धरलं. तो दुसऱ्या टोकाला गेला आणि आकडे सांगायला लागला. मी ते भिंतीवरच्या कागदावर लिहीत गेले. कोपरा वाकडा होता, म्हणून तो आम्हाला दोनदा मोजावा लागला.