पौषातलं घर

दसरा झाला की ऊसतोडीला न्यायला आमच्या दारात ट्रॅक्टर लागायचा. शेत दीड एकर, तेही कोरडवाहू. त्यावर सहा महिनेसुद्धा निघत नव्हते. नवरा-बायकोला मिळून मुकादम 'एक कोयता' म्हणतो. माझे माय-बाप असा एक कोयता होते. ट्रॉलीत चढताना माय दरसाल एकच बोलायची, "आत्याचं ऐक. शाळा बुडवू नको. आमी पाडव्याला येताव."

मी शाळा बुडवली नाही. वालूरहून परभणी, परभणीहून पुणे. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

बाप गेला तसं मायला टोळीत कुणी घेईना. अर्धा कोयता कुणाला लागतो? मी तिला पुण्याला आणलं. तिसऱ्या मजल्यावर ती रोज विचारायची, "घरी कवा जायचं?" मला रजा नव्हती.

डोळ्यांवर चष्मा चढवून हिंडायची जगं तयार करणं हे माझं काम. अजून न बांधलेल्या फ्लॅटमधून आमची गिऱ्हाइकं फिरून येतात. म्हटलं, आपलंच घर करू, म्हणजे माय विचारायची थांबेल. दोन महिने रविवारी बसून केलं.

चष्मा बांधताना माय म्हणाली, "घान्याच्या बैलागत डोळे बांधायलीस का गं?" मग दोन पावलं चालली आणि मान खाली घातली. आमच्या दाराची चौकट बुटकी आहे; आत चूल पेटलेली, मागच्या दारातून शेत दिसतं.

"जवारी निसवलीय की, कणसं भाईर आलीत. हे कवाचं हाय?"

"पौषातलं."

"मग चुलीपुढं कोन हाय?"

"आत्या पेटवायची ना, माय."

"पंचवीस वर्सं पौषात मी उसाच्या फडात होते. मला हे काय म्हाईत?" तिनं कणसाला हात घातला. हाताला काहीच लागलं नाही. चष्मा काढून माझ्या मांडीवर ठेवत म्हणाली, "लय झ्याक केलंस. पर ह्यात मी न्हाई."

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, तुमचंही असं होतं का, मला माहीत नाही. मला आठवतं ते घर म्हणजे निसवलेली ज्वारी, आत्याचा धूर, आणि माय नाही. तेच मी हुबेहूब केलं होतं. तिला घरी न्यायच्या नादात, ती कधीच नव्हती त्या दिवसांत नेऊन उभी केली.

यंदा मी भांडून रजा घेतली. सेलूला उतरलो, वालूरची गाडी धरली. मागची भिंत ढासळलेली, कुलूप गंजलेलं, दगडानं तोडावं लागलं. शेत आता आत्याचा मुलगा बटईनं, अर्ध्या वाट्यावर करतो. मायनं एक कणीस हातावर चोळलं, दाणे तोंडात टाकले आणि बापाचं नाव न घेता म्हणाली, "त्येंनी बी कवा बघितलं न्हाई."

घर म्हणजे काय, हे मला आता मोठ्या शब्दांत सांगता येत नाही. झालं ते एवढंच: यंदाच्या पौषात माझ्या मायनं आपल्या घरात चूल पेटवली.