टिकली आणि गडचिरोलीची फळी

सांगलीहून निघाले तेव्हा माझ्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात टिकली. टिकली म्हणजे माझी पॉमेरेनियन कुत्री. वय नऊ, वजन एखाद्या बऱ्यापैकी कलिंगडाएवढं आणि आवाज अख्ख्या गल्लीला पुरेल इतका.

कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतींत आम्ही दोघी पाच वर्षं उतरत होतो. उड्या, कापडी बोगदा, खांबांमधून नागमोडी पळणं हे सगळं टिकली झकास करायची. घोडं अडायचं ते सी-सॉवर. लांब फळी, मध्ये टेकू. कुत्र्याने एका टोकाने चढायचं आणि फळी कलली की दुसऱ्या टोकाने उतरायचं. पायाखाली काही हललं की टिकली उडी टाकून पळे आणि आम्ही बाद. सात स्पर्धा, सातही वेळा तेच. त्यातच तिचे गुडघे कुरकुरू लागले. डॉक्टर म्हणाले, "आता एकच स्पर्धा. मग उड्या बंद."

त्याच आठवड्यात गडचिरोलीच्या स्पर्धेचं पत्रक हाती आलं. "कुत्र्यासाठी एवढ्या लांब?" शेजारीण म्हणाली. मी भूगोलाची शिक्षिका. वैनगंगेचं खोरं पंचवीस वर्षं फळ्यावर काढलं होतं, डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सांगायला तेवढं कारण पुरलं.

रेल्वेत टिकलीला गार्डच्या डब्यातल्या पेटीत बसावं लागलं. प्रत्येक मोठ्या स्टेशनवर मी पाणी घेऊन धावायचे आणि ती अशी पाहायची, जणू रेल्वेचे नियम मीच केलेत. चंद्रपूरला सकाळी उतरलो. डिसेंबरची थंडी होती. स्टँडबाहेर पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री (तिखट पातळ रस्सा) ओतून मिळाली. डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी प्लेट मागितली.

गडचिरोलीच्या एसटीत टिकलीला टोपलीत घेऊन बसले, तर कंडक्टरने आत डोकावून पाहिलं.

"बाई, हे कुत्रं हाये का ससा?"

"कुत्रं. स्पर्धेला चाललंय."

"स्पर्धेले? हे?" त्याने वळून ड्रायव्हरला बातमी दिली, आणि वाटेतलं मूल गाव येईपर्यंत सगळ्या गाडीला आमचं गाव, वय आणि गुडघे ठाऊक झाले.

मूल सोडल्यावर कापणी झालेली धानाची शेतं लागली, मधूनच सागाचं रान. तेवढ्यात टायर फुटला. स्टेपनीही बसलेली निघाली. "तासभर लागंन जी," कंडक्टर म्हणाला. रस्त्यालगत एक बोडी (शेताजवळचं लहान तळं) होती. टिकलीला पाय मोकळे करायला तिकडे नेलं.

काठावर एक बाई जाळं झटकत होती. तिचं नाव मैनाबाई. शेजारी पाण्यात एका झाडाच्या खोडातून कोरलेला डोंगा होता आणि त्यात मासोळ्यांची टोपली. मी नमस्कार करेपर्यंत टिकलीने माझ्या हातातून साखळी हिसकली आणि थेट डोंग्यात उडी घेतली. डोंगा बांधलेला नव्हता. धक्क्याने तो सरकत पाण्यात गेला.

"टिकली! टिकली!" मी किंचाळले.

"वरडू नका जी!" मैनाबाई म्हणाली. "तुमी वरडल्या का थे पान्यात उडी मारंन. खाली सारी वेल हाये, पाय गुतंन तिचा."

शिक्षिकेला गप्प राहणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. तोंडावर पदर दाबून मी उभी राहिले. टिकली टोपलीकडे निघाली, डोंगा एका अंगाला कलला. ती थबकली. पाय फाकवले. पुन्हा एक पाऊल. डोंगा दुसऱ्या अंगाला. टिकली मधोमध उभी राहून हलणाऱ्या पाण्याकडे कान टवकारून पाहत होती. तिने मुद्दामच एक पाय दाबला. डोंगा हलला. मग दुसरा दाबला.

कमरेएवढ्या पाण्यात शिरून डोंगा ओढत आणणारी मैनाबाई हसायला लागली. "काऊन भेता बाई? थे तर खेळून राह्यली!"

काठाला लागल्यावरही टिकली उतरेना. शेवटी मैनाबाईने एक मासोळी दाखवून तिला बाहेर काढलं. मी आभार मानू लागले तर म्हणाली, "राहू द्या. माह्या डोंग्यात आजवर कोनी हौसेनं नाई बसलं."

दुपार कलताना वैनगंगेचा पूल आला. माझ्या फळ्यावर ती एक निळी रेघ होती. इथे एवढी वाळू, एवढं आकाश आणि मध्ये निवांत वाहणारं पाणी. मी आजवर तिला फारच बारीक काढत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर सगळे अडथळे बांबूचे. फळी तेवढी सागाची. एक अल्सेशियन, दोन डॉबरमन, आणि रानातल्या एका गावाहून आलेल्या शेतकऱ्याचा तांबूस गावठी कुत्रा. तो वाऱ्यासारखा पळाला. "कसं शिकवलं?" मी विचारलं. "शिकवलं नाई जी," शेतकरी लाजत म्हणाला. "घरचं कुंपन असंच उडते हा."

आमचा नंबर आला. उड्या झाल्या, बोगदा झाला, खांब झाले. टिकली फळीवर चढली. हाक माझ्या ओठांशी आली होती. मी ती गिळली. फळी कलली. टिकलीने पाय फाकवले आणि उभी राहिली. मग एक पाऊल मागे. फळी उलट बाजूला कलली. एक पाऊल पुढे. पुन्हा कलली. प्रेक्षक टाळ्या पिटू लागले.

"बाई, उतरवा तिले!" पांढऱ्या मिशांचे परीक्षक ओरडले. "टाइम चालला!"

मी हाका मारल्या, बिस्किट दाखवलं, विनवलं. टिकलीने एकदा माझ्याकडे पाहिलं, शेपूट हलवलं आणि पुन्हा पाय दाबला. शिट्टी वाजली. आम्ही बाद झालो. आठव्यांदा.

पहिला नंबर तांबूस कुत्र्याला मिळाला. परीक्षक हसू आवरत माझ्याजवळ आले. "एवढी वर्षं बघून राह्यलो, फळीवरून पळणारे लय पाह्यले. फळी न सोडणारं हे पहिलंच."

परतीच्या गाडीत गार्डने पेटी उघडून ठेवली आणि आपल्या सामानावर मला बसू दिलं. टिकली माझ्या मांडीवर झोपली होती. पाच वर्षं मी सांगितलं म्हणून ती उडत होती, मी बोलावलं म्हणून धावत होती. काल भर मैदानात तिने पहिल्यांदाच मला थांबायला लावलं होतं. हरल्याचं वाईट वाटायला हवं, म्हणून मी थोडा वेळ प्रयत्न करून पाहिला. जमेना. सांगलीला उतरल्यावर शेजारणीने फाटकातच विचारलं, "काय झालं?"

"बाद झालो," मी म्हटलं, आणि मलाच हसू फुटलं.