सुगंधाची संकष्टी

बोईसरला आमच्या इमारतीत सुगंधा खालच्या मजल्यावर राहते. मूळची बुलढाण्याची, नवरा पंढरी इथल्या कारखान्यात. तिला अर्धशिशी आहे. डोकं उठलं की पडदे ओढून, डोळ्यांवर ओला फडका घेऊन पडते. कुकरची शिट्टीही सोसवत नाही. आमच्या भजनातली मंदा तर तोंडावर म्हणायची, "हिचं डोकं बरोबर टाळ हातात आले की दुखतं."

सुगंधाने गणपतीला नवस बोलला होता : डोकं बरं होईपर्यंत संकष्टी निर्जळी होईल. आणि नेमकं संकष्टीलाच दुपारपासून डोकं फुटायचं. आपलंच काही चुकतंय म्हणून तिने मंगळवारही धरला. डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या घ्या, पण उपाशी राहू नका. गोळ्या घेतल्या, उपास काही सुटेना. देवाला दिलेला शब्द मोडायचा कसा? मी स्वतः उपासतापास करणारी बाई, सोड कुठल्या तोंडाने म्हणू?

गेल्या संकष्टीला दुपारी माझ्याकडे भजन होतं. पहिल्याच अभंगाला सुगंधा उठली आणि मोरीत जाऊन ओकली. जवळच्या चिंचणीच्या शैलामावशी भजनाला आल्या होत्या. त्यांनी तिची पाठ चोळली.

"सोड आता तो उपास."

"नवस बोललेय, मावशी."

"काय बोललीस? संकष्टी होईल, असंच ना? कोन धरील, ते बोललीस का?"

सुगंधाने नकारार्थी मान हलवली.

"आमच्यात सासू थकली का तिचा उपास सून चालवते. तुजा आज मी चालवते. सकाळपासून च्या बी नाय घेतला."

मंदा हळूच म्हणाली, "पुढची मी धरीन."

"तू? तुजा उपास म्हंजे साबुदान्याची परात."

मंदाच आधी हसली. "निर्जळी धरीन, मावशी. बोलले मी हिला नको ते."

मी वरणभात वाढला. सुगंधाने गणपतीला हात जोडले, पण घास काही उचलेना. शैलामावशी तिच्यासमोर मांडी घालून बसल्या.

"जेव गो. तू उपाशी नि मी बी उपाशी, मग देवानं कोनाचा धरायचा?"

डोळे मिटूनच सुगंधा जेवली. अर्धशिशी गेलेली नाही, पण आता डोकं उठलं की ती भिंतीवर थाप मारते आणि कोणीतरी खाली जातं. मंदानंतरची संकष्टी माझी आहे.