ओहोटी नसलेली रेघ

कळव्याच्या बालसंगोपन केंद्रात दर बुधवारी मुलांची वजनं होत. डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक मुलाचा ग्राफ काढायला घेतला, आणि तो आयांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं, स्वभाव कोपऱ्यात बसायचा. बायका कागद उलटा धरत आणि माझ्या पुस्तकी मराठीला पदराआड हसत.

ऐकायची ती एकच, मिठागरवाल्या घरातली एक सासू. सुनेला आणि नातवाला घेऊन यायची, अगदी माझ्यासमोर बसायची. "मला शिकव गं, बाय," म्हणायची. इतकं लक्ष देऊन माझं घरीही कुणी ऐकत नसे.

मी तिला वजनाची टिंबं दाखवली, टिंबं जोडणारी रेघ दाखवली. एका कागदावर रेघ खाली आलेली पाहून ती म्हणाली, "त्यात काय? भरती झाली की सुकती यायचीच."

"नाही आजी, मुलाच्या रेघेला ओहोटी नसते. खाली आली तर काहीतरी चुकतंय."

तिने ते स्वतःशी दोनदा म्हणून पाहिलं. मी सुखावले.

पुढे तिच्याच नातवाला ताप आला आणि त्याची रेघ उतरली. त्या बुधवारी तिने सुनेच्या वडिलांना खडवलीहून बोलावून घेतलं होतं. भिंतीवरच्या खिळ्याला लावलेला नातवाचा कागद काढून तिने त्यांच्यापुढे धरला.

"बघा, व्याही. तुमच्या पोरीच्या दुधात दम नाय. मी नाय बोलत, कागूद बोलतो."

"पण त्याला ताप होता," मी म्हटलं. मलाच ते कसंबसं ऐकू आलं.

"तूच शिकवलंस ना, बाय? पोराच्या रेघेला सुकती नसते."

सून माझ्याकडे बघत राहिली. मी वजनकाट्याकडे बघितलं.

त्या घरातलं भांडण लग्नापासूनचं होतं, हे नर्सने मला नंतर सांगितलं. सुनेला माहेरी धाडायला सासूला निमित्त हवं होतं. माझ्यासमोर बसून ती तेच शोधत होती, आणि मला वाटत होतं की ती माझं ऐकतेय.

सून खडवलीला गेली. मूल कळव्यातच राहिलं.

पुढच्या बुधवारी सासू नातवाला घेऊन एकटीच आली, हसत, जणू आमच्यात काही घडलंच नव्हतं. ताप गेला होता, पोर म्हशीच्या दुधावर होतं. मी वजन पाहून टिंब दिलं. ते वर होतं. दुसरीकडे देता येत नव्हतं. मी रेघ ओढायच्या आतच तिचं बोट त्या वाटेने वर गेलं.

"चढली बघ, बाय," ती म्हणाली, आणि कागद तिनेच खिळ्याला लावला.