अ‍ॅडॅप्टर पारखणारे काका

पिस्कॅटवेला आमच्या शेजारी राहणारे काका अ‍ॅडॅप्टर नारळासारखा पारखतात. आधी तळहातावर तोलतात, मग कानाशी नेऊन हलवतात. हलका लागला की म्हणतात, "आत काही घातलेलंच नाही यार!"

मागच्या आठवड्यात आईच्या नेब्युलायझरचा अ‍ॅडॅप्टर बंद पडला. मी ऑनलाइन सहा डॉलरचा मागवला. काकांनी तो एका बल्बला जोडला आणि अर्धा तास अ‍ॅडॅप्टरवर हात ठेवून बसले.

"चटका बसतोय. रिटर्न कर. वीसवाला घे, तो गार राहतो."

"पण तो यायला दोन दिवस लागतील, काका. आईचा दमा..."

काका उठून आत गेले. आत चाललेलं नाट्यगीत मध्येच थांबलं. बाहेर येऊन त्यांनी रेडिओचा जड अ‍ॅडॅप्टर माझ्या हातात ठेवला. "व्होल्टेज, पिन, सगळं तेच आहे. चेक केलंय मी."

संध्याकाळी आई मास्क लावून बसली होती. भिंतीपलीकडे काका तेच नाट्यगीत स्वतः, भयंकर बेसूर गात होते. आईनं डोळे मिटले आणि मांडीवर ठेका धरला.