तवशाचं बी

गावठी बियाण्यांचा आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. रत्नागिरीच्या आसपासचे लोक त्यावर बिया देतात, घेतात. नवा माणूस आला की ग्रुप चालवणाऱ्या काकू विचारायच्या, "गाव कुठलं? वाडी कुठली?" त्यांचंही बरोबर, आमच्याकडे बी वाडीच्या नावाने ओळखतात. पण वाडी सांगितली की जात वेगळी सांगावी लागत नाही, हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल.

मी ग्रुपवर आल्या आल्या तवशाचा फोटो टाकला. हातभर लांब काकडी. तिचं बी आईने जन्मभर राखेत घोळवून जपलं, आई गेल्यावर ते माझ्याकडे आलं. "मला पाहिजे", "मलापण" सुरू झालं. मग काकूंचा प्रश्न आला. मी लिहिलं, "बौद्धवाडी."

त्यानंतर बी कोणीच मागितलं नाही. वाईटही कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांना सुप्रभात म्हटलं. माझं डोकंच फिरलं. स्वतःपेक्षा आईसाठी जास्त वाईट वाटलं. ग्रुप सोडणार होते, पण म्हटलं, मी का म्हणून जाऊ?

काही दिवसांनी एक मुलगी आली. "मी बाहेरची आहे, नोकरीसाठी इथे आलेय. भाड्याच्या खोलीला नुसती गॅलरी आहे. चालेल ना?" काकूंचा प्रश्न यायच्या आत मी लिहिलं, "चालेल की! तवशाचं बी देते, घरी ये."

ती आली, चहा प्यायली, पुडी घेऊन गेली. पुढच्या पावसाळ्यात तिने गॅलरीतल्या पिंपात वेल लावला आणि फोटो टाकला. एवढंसं पिंप आणि वर लोंबणारं ते भलंमोठं तवसं! ग्रुप खडबडून जागा झाला. बी कुठल्या वाडीचं, हे काकूंनी विचारलंच. पोरीने सरळ लिहून टाकलं, "आमच्या ताईंच्या बौद्धवाडीचं." ते 'आमच्या' वाचून मला भरून आलं.

संध्याकाळी काकूंचा मला वेगळा मेसेज आला, "मलाही थोडं बी पाठवा हो."

"पाठवत नाही मी," मी लिहिलं. "घरी या, चहा घ्या आणि न्या."

रविवारी काकू आल्या. चहाचा कप तळापर्यंत रिकामा केला, मगच बियांचं नाव काढलं.